चार दिवसांचे रिकामे चौकोन

किसनमामा, परवा तुमच्या दशक्रियेला तुमच्या मुलानं, संतोषनं, माझ्या हातात माइक दिला आणि मी खोटं बोलले.

ऐकणाऱ्या कुणाला ते खोटं वाटलं नसणार. मामा कामाला प्रामाणिक होते, शिस्तीचे होते, माझ्यासारख्या कितीतरी जणांना त्यांनी घडवलं, एवढं म्हणून मी माइक पुढं दिला. पुढचे गृहस्थ तुमच्या गावचे माजी सरपंच. ते तुम्हाला शेवटचं कधी भेटले होते देव जाणे, पण माझ्यापेक्षा दुप्पट वेळ बोलले आणि माझ्यापेक्षा बरं बोलले. मागं फ्लेक्सवर तुमचा फोटो होता. कंपनीच्या आयकार्डावरचा, मोठा केल्यामुळे जरा धूसर झालेला. त्यात तुम्ही असे बघताय, जणू समोरच्यानं शीट अर्धवट भरून आणली आहे. मी नदीकडे तोंड करून बसले, कारण त्या फोटोकडे बघत बसणं मला जमेना.

तिथं जे बोलायला हवं होतं ते आता लिहिते आहे. तुम्हाला माहीत आहे, मला बोलण्यापेक्षा लिहिणं सोपं जातं. आपल्या दोघांमधला सगळा घोळही लिहिण्यावरूनच झाला.

मी परभणीहून डिप्लोमा करून चाकणला आले तेव्हा वीस वर्षांची होते. एका खोलीत चौघी जणी, पाण्याचा ड्रम सामाईक, आणि पहिल्या शिफ्टची बस पावणेसहाला. कंपनी तुमच्याच गावच्या शिवारात उभी होती. कॉम्प्रेसर ठेवला आहे तिथं आमची विहीर होती, असं तुम्ही एकदा सहज सांगितलंत, जसं कुणी आपल्या जुन्या शाळेची जागा दाखवावी तसं, आणि लगेच कामाला लागलात. मी क्वालिटीत ट्रेनी, तुम्ही लाइन इन्स्पेक्टर. हुद्द्यानं तुम्ही कामगार आणि मी स्टाफ, म्हणून तुम्ही मला म्याडम म्हणायचात. ते इतक्या गंभीरपणे म्हणायचात की मला वाटायचं, हे माझी टर उडवताहेत. उडवतच होतात. माझ्या तोंडून आमच्याकडचं "कामून" निघालं की दिवसभर तुमच्या प्रत्येक वाक्यात "कामून" असायचं. तुमचं "न्हाई" आणि "हाय" ऐकून मी हसले, तेव्हा मात्र तुम्हाला ते फारसं आवडलं नव्हतं.

काम काय, तर ब्रेकच्या पेडलला धरून ठेवणारी बोटाएवढी पिन. दर तासाला मशीनवरून उतरलेले पाच पीस उचलायचे, मायक्रोमीटरनं त्यांची जाडी मोजायची आणि पाच आकडे शीटवरच्या पाच चौकोनांत लिहायचे. मला वाटलं होतं, हे एका दिवसात येईल. तुम्ही पहिला आठवडा मला मायक्रोमीटरला हातच लावू दिला नाहीत. पीस उचलायचे, पुसायचे, दगडी पाटावर ओळीनं मांडायचे आणि नुसतं उभं राहायचं. मशीनवरून उतरलेला पीस कोमट असतो, आणि कोमट लोखंड फुगलेलं असतं. तुम्ही हाताची घडी घालून त्या पाच पिसांसमोर उभे राहायचात. मी घाई केली की म्हणायचात, "थंड होऊ द्या म्याडम. गरम मोजलं की चुकतंय."

दुसरी गोष्ट तुम्ही मोजायला शिकवताना सांगितलीत. पाचही पीस सारखे आले तर पुन्हा मोजायचं. एकाच मशीनवर, एकाच टूलनं, एका मागून एक काढलेले पाच पीससुद्धा कधी सारखे येत नाहीत. एखादा केसाएवढा इकडे, एखादा तिकडे. सारखे आले म्हणजे एक तर मायक्रोमीटर अडकला आहे, नाही तर मोजणारा. ही गोष्ट लक्षात ठेवा मामा, पुढं ती पुन्हा येणार आहे. तुम्हाला तर ती सांगायलाच नको.

माझ्या आधीच्या ट्रेनींनी मला वेगळीच विद्या शिकवली होती. दर तासाला कोण मोजतं? सकाळीच दुपारपर्यंतचे चौकोन भरून टाकायचे. दोन पेनं जवळ ठेवायची, एक गडद निळं, एक फिकं, म्हणजे शीट बघणाऱ्याला वाटतं की वेगवेगळ्या वेळी लिहिलंय. आकडे थोडे मागेपुढे करायचे. मला हे फार हुशारीचं वाटलं. मी महिनाभर तसं केलं, आणि तो महिनाभर तुमच्यापासून ते लपलं.

मग एका सकाळी अकरा वाजता तुम्ही माझी शीट उचललीत. तिच्यात बाराचे, एकचे, दोनचे आकडे भरलेले होते. तुम्ही शीटकडे बघितलंत, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलंत आणि मला विचारलंत, "म्याडम, दोन वाजले का?"

मशीनशेजारी एक स्टूल ठेवलंत आणि मला दोनपर्यंत तिथं बसवलंत. बाराचे पीस बरोबर आले. एकचे पाचही बाद निघाले, कारण टूल घासलं होतं. माझ्या शीटवर मात्र एकचे आकडे सुंदर होते, फिक्या निळ्या पेनातले. तोवर बिनमध्ये तीनेकशे पीस पडले होते. ते आपण दोघांनी एकेक करून मोजले. माझी बस गेली, तुमची मोपेड बाहेर उन्हात तापत राहिली, आणि तुम्ही त्या पूर्ण वेळात माझ्याशी फक्त आकडे बोललात.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाल टेबलावर मीटिंग. आदल्या दिवसाचा बाद माल तिथं मांडायचा आणि कुणामुळं बाद झाला ते सगळ्यांसमोर सांगायचं, ही तिथली पद्धत. मॅनेजरनं विचारलं, हे कुणाचं? मला मनातून खात्री होती की तुम्ही ते तुमच्या अंगावर घ्याल. वडीलधारी माणसं असं करतात, असं मी ऐकून होते. तुम्ही म्हणालात, "हिनं अकराला दोनचं लिवून ठिवलं हुतं. आन् मी नऊलाच शीट बघाया पायजे हुती, ती अकराला बघितली. दोघांची चूक हाय."

मामा, त्या दिवशी मी तुमचा इतका राग केला की सांगता सोय नाही. बाथरूममध्ये जाऊन रडले, घरी परत जायचं ठरवलं, वडिलांना काय सांगायचं तेही मनात जुळवून ठेवलं. बाहेर आले तर तुम्ही दाराशी उभे. माझ्याकडे न बघता म्हणालात, "झालं आता. समद्यांना ठावं झालं, लपवायला काय ऱ्हायलं न्हाई. चल पोरी, पीस काढ."

त्या दिवसापासून म्याडम संपलं आणि मी पोरी झाले. आयुष्यात मला अनेक पदव्या मिळाल्या, व्हिजिटिंग कार्डावर दोन ओळी वाढल्या, पण त्या एका शब्दाइतकी बढती मला पुन्हा मिळाली नाही.

तुमचे स्वतःचे चौकोन कसे असायचे, हे मी आजही नव्या पोरींना सांगते. मोजलं नाही तर लिहायचं नाही. मायक्रोमीटर दुरुस्तीला गेला, तुम्हाला मधेच डिस्पेन्सरीत जावं लागलं, लाइट गेली, कारण काहीही असो. त्या तासाचा चौकोन तुम्ही रिकामा ठेवायचात, त्यावर तिरकी रेघ ओढायचात आणि बाजूला सही करायचात. ऑडिटवाले त्यावर बोट ठेवायचे. मॅनेजर चिडायचा. तुमच्या मागून आलेले दोघे सुपरवायझर झाले, त्यांच्या शीटमध्ये एकही चौकोन रिकामा नसायचा. मी एकदा तुम्हाला म्हटलं, मामा, एवढ्याशा चौकोनासाठी काय आयुष्यभर लाइनवर उभे राहणार का? तुम्ही म्हणालात, "रिकामा चौकोन खोटं बोलत न्हाई पोरी. त्यो गप ऱ्हातो. गप ऱ्हायलेल्याला इचारता येतं. खोटं लिवलं की इचारणारं कोण?"

तुम्ही मला जे दिलंत ते माझ्या हातापायांत मुरलं आहे. रागाचा मेल मी लगेच पाठवत नाही, आधी थंड होऊ देते. मुलीचं तापाचं औषध मी दोनदा मोजते आणि नवरा हसतो. मुलाखतीला आलेल्या पोरांना मी पाच पीस देते आणि ते मोजायच्या आधी थांबतात का, एवढंच बघते. चिंचवडच्या मोठ्या कंपनीत मी गेले, छोट्या वर्कशॉपांकडून येणाऱ्या मालाची जबाबदारी माझ्याकडे आली, कासारवाडीत फ्लॅट झाला. वाटेत कुणी विचारलं की तू कुठं शिकलीस, तर मी कॉलेजचं नाव सांगण्याआधी तुमचं सांगायचे.

आणि तरीही मी तुमच्याशी जे केलं, ते केलंच.

तुम्ही रिटायर झालात आणि घरी बसवेना म्हणून मला फोन केलात. आम्हाला पिना पुरवणारं एक वर्कशॉप भोसरीत होतं. मालकाला मी एक शब्द टाकला आणि तुम्ही तिथं तपासणीला लागलात. मला केवढा आनंद झाला होता! आता तुमच्या सहीचा माल माझ्याकडे येणार. मी आमच्या स्टोअरमध्ये तुमच्या शीटवरून हात फिरवायचे. त्यात कुठं कुठं तिरक्या रेघा असायच्या आणि मला हसू यायचं.

मग गेल्या वर्षी तिथलं हार्डनेस मोजायचं मशीन बिघडलं. पिन किती कडक आहे ते त्या मशीनवर कळतं. भट्टीतून निघालेली पिन कमी कडक असली तर डोळ्यांना काही दिसत नाही, हाताला काही लागत नाही, पण ती झिजते आणि एक दिवस वाकते. पेडलला धरून ठेवणारी पिन वाकली तर काय होईल हे तुम्हाला आणि मला कुणी समजावून सांगायला नको. मशीन चार दिवस बंद होतं. तुम्ही मला पहिल्याच दिवशी फोन केलात. "मशीन बंद हाय. मी चौकोन रिकामं सोडलेत. मालक माल धाडतोय. तू तिकडं थांबव." मी म्हटलं, मामा, मी बघते.

मी बघितलं नाही. महिनाअखेर होती, आमच्या लाइनवर पिना संपत आल्या होत्या, लाइन थांबली असती तर पहिलं बोलणं मलाच बसलं असतं. भट्टी जुनी, भरवशाची, तिचा माल कधी बिघडला नव्हता. मी मनाशी हे सगळं म्हटलं आणि चार दिवसांचा माल आत घेतला. त्या पिना गाड्यांना लागल्या आणि गाड्या गेटबाहेर पडल्या.

पुढच्या महिन्यात वर्कशॉपचं ऑडिट निघालं. बाहेरचा माणूस येणार, शीट बघणार, आणि रोजचे पाच असे चार दिवसांचे वीस चौकोन रिकामे, प्रत्येकावर तुमची रेघ आणि तुमची सही. तो विचारणार, न मोजलेला माल गेला कसा आणि घेतला कुणी? घेतला मी होता. ऑडिटच्या आदल्या दिवशी दुपारी मी भोसरीला आले आणि मालकाच्या केबिनमध्ये तुम्हाला बोलावलं. तुमची जुनी शीट बाजूला ठेवून कोरी शीट मी स्वतः तुमच्यापुढं सरकवली आणि चौकोन भरा म्हणाले.

तुम्ही न्हाई म्हणालात. मी तुम्हाला समजावलं की भट्टी चांगली आहे, काही झालेलं नाही, होणार नाही. तुम्ही न्हाई म्हणालात. मी म्हटलं, ऑर्डर गेली तर इथले साठ जण घरी बसतील. तुम्ही म्हणालात की साठ जणांचं खरं आहे, पण गाड्या चालवणारे किती जण आहेत ते आपण मोजलेलं नाही. मग मी ते बोलले, जे बोलल्यापासून मला धड झोप नाही.

मी म्हणाले, "मामा, तुम्हाला इथं मी लावलंय."

मालक खिडकीबाहेर बघत राहिला. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. तुमच्या चेहऱ्यावर राग असता तर मला बरं वाटलं असतं. तुम्ही हात पुढं केलात आणि म्हणालात, "पेन द्या, म्याडम."

वीस चौकोनांत तुम्ही एकच आकडा लिहिलात. बेचाळीस. वीस वेळा बेचाळीस, एकाच पेनानं, सरळ ओळीत, एवढ्या सुंदर अक्षरात की मी तुमचं तसं अक्षर आधी पाहिलं नव्हतं. ज्याला थोडं जरी कळत असेल त्याला ती शीट ओरडून सांगत होती की हे मोजलेलं नाही. ऑडिटवाल्यानं पान उलटलं, रिकामा चौकोन दिसला नाही, खूण केली आणि पुढं गेला. वर्कशॉपला चांगले मार्क मिळाले. मालकानं पेढे वाटले आणि मी एक खाल्ला.

महिन्यानं तुम्ही मोपेडवरून आमच्या गेटवर आलात. सिक्युरिटीनं तुम्हाला बाकावर बसवून ठेवलं होतं. मी मीटिंगमधून धावत आले आणि आल्या आल्या घड्याळ बघितलं, हे तुम्ही पाहिलंत. तुम्ही पिशवीतून चार पुड्या काढल्यात. त्या चार दिवसांतल्या प्रत्येक दिवसाचे पाच पीस तुम्ही बाजूला काढून ठेवले होते, तेल लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून, वर वार लिहून. तुमच्याकडे लॅब आहे, म्हणालात, एवढे मोजा. बरोबर आले तर माझ्या जिवाचा घोर जाईल, नाही आले तर काय करायचं ते तुम्ही जाणता. मी म्हटलं, मामा, आजवर एकही तक्रार आलेली नाही. तुम्ही म्हणालात, "तक्रार न्हाई म्हंजी मोजलं न्हाई, म्याडम."

आपला हा वाद तिथंच अर्धा राहिला. मी पुड्या ड्रॉवरमध्ये ठेवल्या आणि ड्रॉवरला कुलूप लावलं. लॅब माझ्या टेबलापासून चाळीस पावलांवर आहे. मोजलं असतं तर कळलं असतं, आणि कळलं असतं तर सांगावं लागलं असतं. मला कळून घ्यायचं नव्हतं. रिकामा चौकोन खोटं बोलत नाही असं तुम्ही म्हणायचात, पण मामा, मी तुमचाच नियम उलटा करून वापरला. माझा रिकामा चौकोन खोटंच बोलत होता, कारण त्याच्यावर रेघ नव्हती आणि सही नव्हती.

त्यानंतर तुम्ही वर्कशॉप सोडलंत. किडनीचं निघालं. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. तुम्ही फोन केलात की मी आधी तब्येतीचं विचारायचे, खूप वेळ विचारायचे, म्हणजे दुसरं काही विचारायला तुम्हाला जागा राहू नये. तरी तुम्ही शेवटी विचारायचातच. मोजलं का म्याडम? या आठवड्यात मोजते मामा.

शेवटचं दवाखान्यात भेटलो ती दुपारची वेळ होती. मामी डबा धुवायला गेल्या होत्या. तुमचा हात सुजला होता, मनगटावरची शीर दोरासारखी जाड झाली होती, आणि हा तोच हात होता जो मायक्रोमीटर दोन बोटांत धरायचा. तुम्ही या वेळी तब्येतीचं काही ऐकून घेतलं नाहीत. सरळ विचारलंत, मोजलं का. मला वाटलं, आता या माणसाला शांतपणे पडू द्यावं. खरं म्हणजे मला असं वाटलं नाही, मी ते नंतर जुळवलं. मला फक्त त्या प्रश्नातून सुटायचं होतं.

"हो मामा. मोजलं. सगळे बरोबर आले."

"किती आलं?"

मी तयारी केली नव्हती. तोंडाला आलं ते बोलले. "बेचाळीस. सगळे बेचाळीस."

तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. वीस पीस, सगळे बेचाळीस. जे तुम्ही मला पहिल्या महिन्यात शिकवलं होतं, ते मी तुमच्या खाटेशेजारी बसून विसरले. तुमच्या डोळ्यांत ओळखल्याची खूण दिसली आणि मग ते डोळे तुम्ही मिटलेत. "बरं," एवढंच म्हणालात. म्याडमही नाही आणि पोरीही नाही. चौथ्या दिवशी संतोषचा फोन आला.

परवा भाषणं संपल्यावर मी निघाले होते. जेवणाच्या पंगती बसत होत्या. मामींना भेटल्याशिवाय कसं जायचं म्हणून त्यांच्याकडे गेले आणि पाया पडले. त्यांनी माझा हात धरून ठेवला. म्हणाल्या, तू त्या दिवशी येऊन गेलीस आणि ह्यांना लई दिवसांनी झोप लागली बघ. मला जरा बरं वाटलं, म्हटलं निदान माझ्या खोट्यानं एवढं तरी झालं. मग त्या म्हणाल्या, "मी इचारलं, काय म्हनली वर्षा? तर म्हनाले, आजून मोजलं न्हाई तिनं. पर मोजंल ती."

मामी हे तक्रारीनं बोलल्या नाहीत. त्यांना कशाचं मोजणं तेही ठाऊक नव्हतं. त्यांनी मला जेवून जा म्हटलं. मी गाडीत येऊन बसले आणि मोशीपर्यंत मला रस्ता दिसत नव्हता. मामा, तुम्ही माझं खोटं ओळखलंत, आणि ओळखून झोपलात. असला विश्वास माणसावर कुणी ठेवू नये. त्यापेक्षा तुम्ही मला शिव्या घालायला हव्या होत्या.

काल सकाळी मी ड्रॉवर उघडला. चारही पुड्या लॅबमध्ये नेल्या. तिथल्या मुलीला बाजूला बसवलं आणि मशीनवर स्वतः उभी राहिले. पीस पुसले, ओळीनं मांडले. गार होते, वर्षभर गारच होते, तरी मी थोडा वेळ हाताची घडी घालून उभी राहिले. मग एकेक ठेवत गेले.

तुम्हाला आकडे हवे असतील. पहिला दिवस: एकेचाळीस, बेचाळीस, चाळीस, त्रेचाळीस, बेचाळीस. दुसरा दिवस: बेचाळीस, एकेचाळीस, एकेचाळीस, त्रेचाळीस, चाळीस. इथपर्यंत मी श्वास घेत होते. अडतीसच्या खाली चालत नाही हे तुम्ही जाणता. तिसरा दिवस: एकोणचाळीस, छत्तीस, अडतीस, पस्तीस, सदतीस. मी तो दिवस पुन्हा मोजला, पिसांची जागा बदलून, मशीन तपासून. तेच आलं. चौथा दिवस पुन्हा बरा, चाळीस आणि वर. म्हणजे एका दिवसाची भट्टी बिघडली होती, एका दिवसाचा माल मऊ होता, आणि तो वर्षभर रस्त्यावर आहे. अजून कुणाला काही झाल्याचं कानावर आलेलं नाही. पण तुम्ही म्हणाल, त्याला मोजणं म्हणत नाहीत.

मी नवी शीट घेतली. वीसही आकडे जसे आले तसे लिहिले, एकाच पेनानं, आणि खाली माझं नाव लिहून सही केली. सोबत दुसरा कागद जोडला. चार दिवस मशीन बंद होतं, इन्स्पेक्टरनं चौकोन रिकामे सोडले होते, त्यानं पहिल्याच दिवशी मला फोन करून माल थांबवायला सांगितलं होतं, मी थांबवला नाही, आणि नंतर दबाव टाकून त्याच्याकडून खोटे आकडे लिहून घेतले ते मीच. तुमची तिरक्या रेघांची मूळ शीट मी त्या दिवशी केबिनमधून सोबत आणली होती. ती फाडून टाकायचं धाडस मला वर्षभर झालं नव्हतं, तेवढं एक बरं झालं. तीही जोडली. तिसऱ्या दिवसाचा माल लागलेल्या गाड्यांचे नंबर काढून यादी लावली आणि सगळं आमच्या प्लँट हेडच्या टेबलावर ठेवून आले. रात्री नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, नोकरी जाईल. मी म्हटलं, जाईलही.

तुमच्यासारखं शांत राहणं मला जमलेलं नाही. मी हे गरम असतानाच लिहिते आहे, आणि तुम्ही असतात तर म्हणाला असतात, पोरी, आधी थंड हो. पण मी गेल्या वर्षी थंड होत होत इतकी थंड झाले की मोजायचंच राहिलं. तुम्ही असताना मोजलं असतं तर तुम्ही तो पस्तीस बघून काय म्हणाला असतात? मला वाटतं, दुसरा पीस मागितला असतात.

उद्या सकाळी नऊला मीटिंग आहे, आमच्या इथल्या लाल टेबलावर. बाद माल मांडायचा आणि कुणामुळं ते सगळ्यांसमोर सांगायचं. तिसऱ्या दिवसाचे पाच पीस मी पर्समध्ये ठेवले आहेत, तुमच्याच वर्तमानपत्रात गुंडाळून. त्या गाड्या परत बोलावतील की कागद दाबून टाकतील, मला ठेवतील की घरी पाठवतील, माझा आवाज तिथं फुटेल की माइकवर दिला तसाच पुन्हा दगा देईल, हे तुम्हाला आज सांगून टाकावं असं फार वाटतं. पण ते चौकोन मी रिकामे सोडते आहे, रेघ ओढून, सही करून.

अजून नऊ वाजलेले नाहीत, मामा.